आईचं पासबुक

मुला, अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. तीन परिच्छेद साकीनाक्याच्या त्या कर्ज थकवलेल्या गाळेवाल्यावर, आणि तुझी आई गेल्याचं शेवटच्या अर्ध्या ओळीत.

आधी गाळेवाला. हप्ता थकून साठ दिवस उलटले म्हणजे खातं एसएमए-२ मध्ये, म्हणजे धोक्याच्या यादीत आहे, नव्वद ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. साहेब म्हणतात, थोडी ॲडहॉक लिमिट, म्हणजे तात्पुरतं वाढीव कर्ज देऊ, जुनं व्याज त्यातूनच वळतं करू, मार्च निघून जाईल. मार्च निघतो रे, थकबाकी तिथंच बसलेली असते. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं कर्जखात्यांची कसून तपासणी सुरू केली, तेव्हा असे ढकललेले कित्येक मार्च एकदम बाहेर पडले. मार्च २०१८ मध्ये सरकारी बँकांचा ढोबळ एनपीए १४.६ टक्क्यांवर गेला. तेव्हा लोकलमध्ये मी बँकेचं ओळखपत्र पर्समध्ये टाकून मगच बसायची. दुखणं मात्र जुनंच होतं, वहीत तेव्हा आलं. सरकारनं २.११ लाख कोटींच्या भांडवलाची योजना त्याआधीच आणली होती, दिवाळखोरीचा कायदाही आला होता, मार्च २०२४ पर्यंत आकडा साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरला. त्यात राइट-ऑफचा वाटा बराच, हे भाषणांत येत नाही. आणि राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफीही नव्हे. ताळेबंदातून रक्कम जाते, देणं कर्जदाराच्या डोक्यावर राहतं, वसुली चालूच.

तेव्हा गाळ्यावर स्वतः जा. विजेचं बिल बघ, जीएसटीचे रिटर्न बघ. यंत्रं खरंच चालू असतील तर पुनर्रचनेचा प्रस्ताव कर, कुलूप असेल तर तसं लिही. काहीही कर, नोटवर तुझं मत तारखेसकट असू दे. तोंडी हुकूम चौकशीच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

आता अर्धी ओळ. तेरावं होताच तू काउंटरवर हजर झालास, त्याचं कौतुक करणारे भेटतील. मी करणार नाही. आमचे हे गेले, त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्या मोबाइलचं रिचार्ज मारत होते. दिवसभर लोकांची एव्हरग्रीन केलेली, म्हणजे नवं कर्ज देऊन जिवंत दाखवलेली खाती पकडायची आणि रात्री गिरगावातल्या खोलीत बसून हे! एकदा लेकीनं विचारलं, ‘आई, हा नंबर कोणासाठी?’ बँकेत तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला उत्तर सुचेना. रडू आलं ते तेव्हा, दीड वर्षाच्या व्याजासकट.

आईचं खातं तुझ्याच शाखेत, नॉमिनी तूच, आणि अजून अर्ज नाही. दुसऱ्यांचे डेथ क्लेम पंधरा दिवसांत निकाली काढायचे असतात, हे तूच गिऱ्हाइकांना सांगतोस ना?

रविवारी ये. येताना पासबुक आण, मृत्यूचा दाखला आण. फॉर्म मी भरून ठेवते, सही तेवढी तुझी. घाई नाही, जेवून कर.

तुझी,
मॅडम