चक्रीवादळाचा इशारा आला की नेमकं काय बघायचं? दर वेळी मुंबई तर वाचतेच!

मुंबई वाचली म्हणजे वादळ फुसकं निघालं, असं नसतं. 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ घ्या. बातम्यांत नाव अलिबागचं, पण नारळ-पोफळीच्या वाड्या झोपल्या त्या श्रीवर्धन, दिवेआगर आणि पार दापोलीकडच्या. आपल्याकडे चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे वादळ ज्या दिशेने सरकतं त्याच्या उजव्या हाताला वारा आणि समुद्र दोन्ही जास्त जोर धरतात. निसर्ग ईशान्येला सरकत होतं, म्हणजे उजवा हात दक्षिणेकडच्या गावांचा. मुंबई डावीकडे राहिली, इतकंच.

म्हणून हवामान खात्याच्या नकाशावर फक्त मधली रेघ बघू नका (सगळे तेच करतात). तिच्याभोवतीचा रुंद होत जाणारा पट्टा बघा; वादळाचा मध्य त्यात कुठेही जाऊ शकतो, आणि वारा-पाऊस पट्ट्याबाहेरही पोचतो. मग भरतीची वेळ बघा. वादळ भरतीला धडकलं तर पाणी बरंच आत शिरतं.

आणि मध्येच वारा पडला, आभाळ उजळलं, तर कौलं बघायला अंगणात धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो, आणि आधी तिरकी झालेली पोफळ तेव्हा मोडते.

वाऱ्याने ताशी 62 किलोमीटर गाठले की वादळाला नाव मिळतं. मोबाइल आणि बॅटरी चार्ज करायला मात्र नावाची वाट बघू नका, वीज त्याआधीच जाते.