बी.पी.एड.चा हप्ता कोण भरणार?

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी करायचीय, फी आणि पुण्यातलं राहणं-खाणं धरून दोन वर्षांत तीन लाख लागतील, वडील कर्ज काढायला तयार आहेत, काय करू, असं विचारलंयस. मैदानावर तू चांगला आहेस, त्याबद्दल लिहीत नाही. पैशाचं लिहितो. आपल्या क्षेत्रात पगाराचा विषय निघाला की भले भले विषय बदलतात.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागत नाही, वडील सहकर्जदार झाले की भागतं. शिक्षण चालू असताना आणि साधारण पुढं वर्षभर हप्ता नसतो, म्हणून पोरांना हे कर्ज हलकं वाटतं. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चालू. दरसाल दीड लाख उचललेस आणि दर ११ टक्के धरला, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळव्याजानंच ८२,५०० रुपये साचतात. ते मुद्दलात मिळवले की कर्ज होतं ३,८२,५०० रुपयांचं. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला ८,३०० च्या आसपास हप्ता, आणि एकूण भरणा पाच लाखांच्या घरात. शिवाय आपल्याकडं पैसा येतो उसाच्या बिलानं, तोही तुकड्यातुकड्यानं. बँकेला पैसे दर महिन्याला लागतात.

आता याच्यासमोर पगार मांड. माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलास तर पहिली तीन वर्षं महिन्याला १८,००० रुपये मानधन. हप्ता गेला की हातात दहा हजारही उरत नाहीत, आणि हा चांगला योग झाला. अनुदानित शाळेत संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, क्रीडा शिक्षकाचं पद निघायला हवं, ते भरायला परवानगी मिळायला हवी. बऱ्याच ठिकाणी मराठीच्या नाहीतर भूगोलाच्याच सरांच्या गळ्यात शिट्टी अडकवतात आणि काम भागवतात. अंशतः अनुदानित म्हणजे पगाराचं सरकारी अनुदान २० टक्के, ४० टक्के अशा टप्प्यानं. पुढचा टप्पा कधी मिळेल ते मंत्रालयालाच ठाऊक. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे, तर दिवाळी आणि मे महिना कोरडाच जातो.

खरी भीती मला बँकेच्या कर्जाची नाही. डिग्री हातात आली की कुणीतरी घरी येऊन चहा पिऊन जाईल आणि वडिलांना सांगेल, ‘अमुक संस्थेत चिकटवतो, एवढे एवढे द्यावे लागतील.’ माझ्या डोळ्यांसमोर एका संस्थेत असं झालंय. रान विकून पैसे दिले, शाळा विनाअनुदानितच राहिली, आणि मास्तर सकाळी शिट्टी वाजवून दुपारी रसवंती चालवायचा. त्या पैशाची पावती नसते. दोन वर्षांच्या फीपेक्षा तो आकडा कितीतरी मोठा असतो, आणि वडील तो तुझ्या प्रेमापोटी कबूल करतील. आजच त्यांना सांगून ठेव की सातबाऱ्यावर बोजा चढवायचा नाही.

तू लिहिलंयस की वडील खाशाबांचा दाखला देतात. गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खरं आहे. पण खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला सहावे आले होते, ते विसरू नका. अंगात काय आहे हे आधी दिसलं होतं, मग घर गहाण पडलं. आणि ब्राँझ आणल्यावरही पोलिसात सब-इन्स्पेक्टर व्हायला १९५५ साल उजाडलं.

शाळेबाहेर कमाई आहे, नाही असं नाही. सातारा-कराडात पोलीस भरतीच्या अकॅडम्या आहेत. तिथं १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक ५० गुणांसाठी करून घेणारा माणूस लागतो. भरती निघाली की पोरं झुंडीनं येतात, लांबली की मैदान ओस. जिममध्ये बांधील पगार थोडा, खरी मिळकत पीटीच्या, म्हणजे एकेकाला वेगळं शिकवण्याच्या (पर्सनल ट्रेनिंग) फीतल्या वाट्यावर. तिथं डिग्री कुणी विचारत नाही, सर्टिफिकेट आणि तुझी तब्येत बघतात. यवतेश्वर घाटातल्या हिल मॅरेथॉनमुळं डॉक्टर, वकील, दुकानदार पहाटे पळायला लागलेत. गुडघा न दुखवता पळवणाऱ्याला ही मंडळी खुशीनं पैसे देतात. तुझ्या वयाच्या पोराला ही दिशा मला शाळेपेक्षा जवळची वाटते.

म्हणून माझं मत असं. बी.पी.एड. कर, पण पुण्याचा हट्ट सोड. घरून किंवा वसतिगृहातून जाता येईल असं जवळचं कॉलेज बघ. तीन लाखांतला मोठा भाग फीचा नाहीच, खोलीचा आणि मेसचा आहे. एनसीटीईची (शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची परिषद) मान्यता चालू वर्षाची आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर स्वतः बघ, कॉलेजच्या फलकावर विश्वास ठेवू नकोस. सीईटी आणि मैदानी चाचणी देऊन कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच प्रवेश घे, म्हणजे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज तरी भरता येईल. वर्गात न बसता मिळणाऱ्या ‘नॉन-अटेंडिंग’वाल्या परराज्यातल्या डिग्रीच्या वाटेला जाऊ नकोस, पडताळणीत अडकशील. पहाटे दोन तास अकॅडमीत उभा राहा. कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यात कमवा आणि शिका हे मी वेगळं सांगायला नको. एवढं करूनही कर्ज लागलंच तर लाखाच्या आत ठेव, आणि जमलं तर शिकत असतानाच व्याज भरत राहा.

वर्षभर थांबून आधी ट्रेनरचं सर्टिफिकेट घेतलंस तरी माझी हरकत नाही. कमाईचा अंदाज येईल, आणि सकाळी साडेचारला रोज उठवतं का तेही कळेल.

रविवारी सकाळी क्रीडा संकुलावर ये. कॉलेजचं फीचं पत्रक आण, वसतिगृहाच्या खर्चासकट. स्पर्धांची सगळी प्रमाणपत्रंही आण. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात त्यातली कुठली पडताळणीला टिकतील ते बघू. वडिलांनाही घेऊन ये.

तुझा,
सर