एच३ची पट्टी ठळक, ॲसिटिलची गायब: म्हणजे जनुकं बंद होती का?

प्रश्न असा होता: आठवडी बाजारातून आणलेल्या बोकडाच्या कलेजीतून हिस्टोन (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ते प्रोटीन) काढले. ब्लॉटवर (प्रोटीन जेलमधून मेम्ब्रेनवर घेऊन प्रतिपिंडानं ओळखायची चाचणी) एकूण एच३, म्हणजे त्यातला एक हिस्टोन, ठळक दिसतो, पण त्याच्या लायसिन ९वरच्या (नवव्या जागच्या अमिनो आम्लावरच्या) ॲसिटिल या छोट्या रासायनिक गटाची पट्टीच नाही. मग यकृतातली जनुकं बंद होती का? ॲसिटिलेशन जनुकं चालू कसं करतं?

जनुकं बंद नव्हती हो. कलेजी थंड व्हायला उशीर झाला.

एकूण एच३ दिसतोय, म्हणजे जेल, ट्रान्सफर, मेम्ब्रेन सगळं बरोबर आहे. त्यात खुडबुड करू नका. घोळ त्याआधीचा. बोकड कापला म्हणून ॲसिटिल काढणारे एन्झाइम, म्हणजे एचडॅक, थांबत नाहीत. ॲसिटिल चढवायला ॲसिटिल-कोए (ॲसिटिल पुरवणारा रेणू) लागतं आणि रक्त तुटलं की त्याची आवक आटते. उतरवायला मात्र मुख्य एचडॅकना जस्ताचा अणू आणि पाणी पुरतं. जिवंत पेशीतसुद्धा बरीच ॲसिटिलं मिनिटांत येतात-जातात. कलेजी पिशवीत घालून एसटीनं तासभर आणली, तर पट्टी कुठून उरणार?

म्हणून थर्मोकोलचा डबा बाजारातच न्या. बर्फ रसवंतीवर मिळतो. तुकडा तिथेच कात्रीनं बारीक करून थंड बफरमध्ये टाका. त्या बफरमध्ये एचडॅक अडवणारं ५ ते १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट हवंच, आणि सर्ट्युइनसाठी, म्हणजे ॲसिटिल काढणाऱ्या दुसऱ्या गटासाठी, तेवढंच निकोटिनामाइड, कारण सर्ट्युइन एनएडी या सहायक रेणूवर चालतात, ते ब्युटिरेटला जुमानत नाहीत. (शेळीच्या पोटात चारा आंबून ब्युटिरेट बनतंच, पण बहुतेक पोटाचं अस्तरच खाऊन टाकतं. त्याच्या भरवशावर राहू नका.)

केंद्रकं वेगळी केल्यावर ०.४ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. नॉर्मल, मोलर नव्हे. मोलरमध्ये ते ०.२ होतं. ४ अंशांवर किमान अर्धा तास फिरवा, गाळ फेका, वरच्या द्रवात टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल) थेंबथेंब घाला. ४०० मायक्रोलिटरला १०० टक्क्यांचं १३२ पुरे. हिस्टोन तळाशी गोळा होत नाहीत, नळीच्या भिंतीला धुरकट थर बसतो. गोळा दिसला नाही म्हणून नळी फेकू नका. थर थंड ॲसिटोननं दोनदा धुवा. पाण्यानं धुतलात तर हिस्टोनच वाहून जातील.

आता ‘कसं’. १४७ बेस-जोड्यांचा डीएनए आठ हिस्टोनांभोवती पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळलेला असतो. ॲसिटिल लागलं की लायसिनचा धनभार जातो आणि पकड ढिली होते. आपल्याकडे उत्तरपत्रिकेत एवढं लिहिलं की पूर्ण गुण, आणि मला तेच खटकतं. ही अर्धीच गोष्ट आहे. १९६४ साली ऑलफ्री या संशोधकांनी ॲसिटिलेशनचा ट्रान्स्क्रिप्शनशी (जनुकावरून आरएनए बनण्याशी) संबंध सुचवला, पण चढवणारं एन्झाइम म्हणजे जीसीएन५सारखाच ट्रान्स्क्रिप्शन चालवणारा प्रोटीन आहे, हे १९९६ मध्ये कळलं. पुढे कळलं की ब्रोमोडोमेन हा प्रोटीनचा भाग ॲसिटिल लागलेला लायसिन ओळखून धरतो. ब्रोमोडोमेन असलेला बीआरडी४ हा प्रोटीन असाच बसतो आणि पी-टीईएफबी या एन्झाइमला आणतो, मग थबकलेला पॉलिमरेज (आरएनए बनवणारं एन्झाइम) पुढे सरकतो. म्हणजे ॲसिटिल ही खूणही आहे, नुसता सैल केलेला धागा नव्हे. ‘भार गेला, जनुक चालू’ म्हणणाऱ्यांनी एक सांगावं: एचडॅक अडवणारं औषध दिल्यावर कित्येक जनुकं उलट मंदावतात, ती का?

शिवाय ॲसिटिल हे कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही; चालू ट्रान्स्क्रिप्शनमुळेही ॲसिटिल वाढतं. आणि तुमचा ब्लॉट अख्ख्या यकृताची बेरीज दाखवतो. एका जनुकाचं विचारायचं तर चिप (डीएनएच्या ठरावीक जागी कोणता प्रोटीन किंवा खूण आहे ते पाहणारी चाचणी) करावं लागेल: १ टक्का फॉर्माल्डिहाइड १० मिनिटं, मग ग्लायसिन. ते पुन्हा कधीतरी.

पुढच्या बाजारी एकाच कलेजीचे दोन तुकडे करा. एक तिथेच बर्फात, ब्युटिरेटसकट. दुसरा तासभर पिशवीत. दोन्ही शेजारच्या लेनमध्ये चालवा.