जुनं हार्वेस्टर घेतलं आणि आता फायनान्सवाले फोन करतायत, काय करू?

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी तुमची अडचण थोडक्यात मांडतो. तुमची धान्याची थोडी शेती, दर हंगामात भाड्याच्या मशीनची वाट बघत बसायची आणि तोवर पीक झडायला लागायचं, म्हणून एका शेतकऱ्याकडून चौदा वर्षं जुनं सेल्फ हार्वेस्टर, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारं कापणी-मळणीचं मशीन, घेतलंत. अर्ध्याहून जास्त रक्कम दिली, थोडी यूपीआयने, थोडी रोख, आणि उरलेल्या रकमेचा पुढच्या महिन्याच्या तारखेचा चेक देऊन ठेवलाय. स्टॅम्प पेपरवर सौदा पावती आहे, तिच्यात 'मशीन जसं आहे तसं पाहून घेतलं' असं लिहिलंय. दुसऱ्याच दिवशी ड्रमच्या शाफ्टला वेल्डिंग करून वर रंग मारलेला जुना तडा सापडला, आणि त्याच आठवड्यात फायनान्स कंपनीच्या माणसाचा फोन आला की या गाडीचे हप्ते थकलेत. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नीट बघितली तर नाव विकणाऱ्याचं नाहीच, त्याच्याही आधीच्या मालकाचं, आणि वर एचपी, म्हणजे फायनान्स कंपनीच्या कर्जाचा बोजा, तशीच चढलेली. विकणारा म्हणतो जुना माल आहे, डोळ्याने बघून घेतलाय, माझा संबंध संपला. पैसे परत मिळतील का आणि चेकचं काय करू, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी चेकचं बघू, कारण त्याला तारीख आहे. घाबरून बँकेत जाऊन नुसतं 'स्टॉप पेमेंट' करून येऊ नका. पेमेंट थांबवल्यामुळे परत आलेला चेक पण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ मध्ये बसतो, बऱ्याच जणांना वाटतं फक्त खात्यात पैसे नसले तरच केस होते, तसं नाहीये. म्हणून क्रम असा ठेवा की चेकच्या तारखेआधी विकणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस जाऊ द्या, तीत स्पष्ट लिहा की गाडीवर बोजा आहे, नाव दुसऱ्याचं आहे, विकणाऱ्याने बोजा नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे उरलेली रक्कम सध्या देणं लागत नाही आणि चेक भरू नये. त्याची पोच हातात आली की मग बँकेला लेखी कळवा, आणि हे महत्त्वाचं, त्या तारखेला खात्यात तेवढे पैसे असू द्या. पैसे असताना सबळ कारणासाठी पेमेंट थांबवलं हे दाखवता आलं तर तुमचा बचाव भक्कम होतो. तरीही त्याने चेक टाकला आणि तो परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यावर तुम्हाला पैसे द्यायला १५ दिवस असतात. ती नोटीस आली तर पडून देऊ नका, उत्तर द्याच. उत्तर न दिलेली नोटीस पुढे फार नडते, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय.

आता पैसे परत मिळण्याचं. तुमच्या मेसेजमध्ये नव्वद टक्के राग शाफ्टवर आहे आणि बोजाचं शेवटच्या दोन ओळींत लिहिलंय, पण कोर्टात नेमकं उलटं आहे. शाफ्टचा मुद्दा तुमचा कमजोर मुद्दा आहे, बोजा आणि नाव हा भक्कम.

कमजोर का ते सांगतो. माल विक्री कायदा १९३० चा, त्याच्या कलम १६ ची सुरुवातच अशी आहे की मालाच्या दर्जाबद्दल आपोआप कुठलीही हमी मानली जात नाही. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः विकणारा त्याच मालाचा धंदा करत असेल तेव्हासाठी. तुमचा विकणारा एकदाच आपलं मशीन विकणारा शेतकरी असेल तर तो अपवाद लागत नाही, आणि जुन्या हार्वेस्टरची खरेदी-विक्री करणारा असेल तर लागू शकतो, म्हणून त्याने याआधी किती मशीन विकलीत याची जरा चौकशी करा. त्यातही तुम्ही मशीन तपासलं असेल तर तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याची तक्रार चालत नाही. घासलेले बेल्ट, झिजलेली चाळणी, कटर बारची तुटकी पाती हे सगळं विसरा, चौदा वर्षांच्या मशीनला ते असणारच. पण तडा वेल्डिंगने भरून वर रंग मारलेला, ही वेगळी गोष्ट आहे. हे जाणूनबुजून लपवणं आहे, आणि 'जसं आहे तसं' हे वाक्य लबाडी झाकायला चालत नाही. फक्त तो रंग विकणाऱ्यानेच मारला, त्याच्या आधीच्याने नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणून तो शाफ्ट बदलला तरी भंगारात देऊ नका, जपून ठेवा, फोटो काढा आणि मेकॅनिककडून चेसिस नंबर आणि तारीख टाकून लेखी घ्या की तडा जुना आहे.

आता भक्कम मुद्दा. त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे, घेणाऱ्याला माल बिनघोर वापरता येईल आणि न सांगितलेला बोजा मालावर नाही, या तीन गोष्टी पावतीत नसल्या तरी धरल्या जातात, तुमच्या पावतीतलं ते 'पाहून घेतलं' मशीनच्या हालतीबद्दल आहे, बोजाबद्दल नाही. आता आरसीवर नेमकं काय नोंदलंय ते बघा. हायर पर्चेस असेल तर हप्ते फिटेपर्यंत मालक फायनान्स कंपनीच असते, म्हणजे विकणाऱ्याला विकायचा हक्कच नव्हता, आणि मग तुम्ही मशीन परत करून सगळी रक्कम मागू शकता. हायपोथिकेशन असेल, जे बहुतेक वेळा असतं, तर मालक कर्जदार असतो आणि कंपनीचा फक्त बोजा असतो, मग कलम १४ खाली तुम्हाला मुख्यतः नुकसानभरपाई मिळते, सौदा मोडायला दुसरा रस्ता लागतो.

तो दुसरा रस्ता म्हणजे करार कायदा १८७२, कलम १७ आणि १९, फसवून घेतलेली संमती. इथे विकणाऱ्याचा वकील काय बोलेल ते मला आत्ताच दिसतंय, सरकारच्या परिवहन साइटवर गाडीचा नंबर टाकला की एचपी दिसते, तुम्ही का बघितली नाही? आणि हे खरंच आहे, साधी काळजी घेऊन खरं कळण्यासारखं असेल तर सौदा मोडता येत नाही असं कलम १९ मध्ये आहे. पण ते विकणारा नुसता गप्प बसला तर, किंवा चुकून काही सांगितलं तर. तोंडाने धडधडीत खोटं बोलला असेल तर तो अपवाद त्याला मिळत नाही. म्हणून तुम्ही जे लिहिलंय, की 'कागद क्लिअर आहेत ना' असं तुम्ही व्हॉट्सॲपवर विचारलं आणि त्याने 'लोन केव्हाच नील झालंय' असा व्हॉइस मेसेज टाकला, तो मेसेज हीच तुमची केस आहे. तो नुसता फॉरवर्ड करून ठेवू नका, चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्याच्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं, ते तुमचा वकील करेल, पण मूळ फोन लागतो. रोख दिलेल्या रकमेचा तिथे कोण साक्षीदार होता तेही आजच लिहून काढा.

एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवावी लागेल. सौदा मोडायचाय की मशीन ठेवायचंय? दोन्ही एकत्र चालत नाही. बोजा कळल्यानंतरही तुम्ही मशीन चालवत राहिलात, आजूबाजूला भाड्याने दिलंत, तर तुम्ही सौदा मान्य केला असं धरलं जाईल आणि मग फक्त भरपाई मागता येईल. मोडायचा असेल तर आजपासून मशीन उभं करा, आवरमीटरचा (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) तारखेसह फोटो काढा आणि मशीन घेऊन जा असं नोटिशीत लिहा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. आधी फायनान्स कंपनीकडून किती थकबाकी आहे ते लेखी घ्या. ती तुमच्या चेकच्या रकमेपेक्षा कमी असेल आणि इंजिन खरंच चांगलं असेल तर मी तुमच्या जागी मशीन ठेवलं असतं. विकणारा, आरसीवरचा मालक आणि तुम्ही, तिघांच्या सह्यांचा करार करा, पैसे विकणाऱ्याला न देता थेट त्या लोनच्या खात्यात भरा, कंपनीची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घ्या, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आरसीवरच्या मूळ मालकाच्या सह्या घ्या, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी पण, आणि मगच उरलेले पैसे द्या. शाफ्टचा खर्च यातच वळता करून घ्या, त्यासाठी वेगळी केस करू नका. थकबाकी जास्त निघाली तर मात्र सौदा मोडा, दुसऱ्याचं कर्ज गळ्यात घेऊ नका.

मूळ मालक सह्या करायला का येईल, असं तुम्हाला वाटेल. कारण त्यालाही गरज आहे. गाडी तीन-चार हातांतून गेली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलंय. त्याला हे शांतपणे सांगा, भांडायला जाऊ नका. आणि तोवर मशीन रस्त्यावर काढू नका, थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू आहे का हे तुम्ही लिहिलेलंच नाही, एवढं रुंद मशीन रस्त्यावर कुणाला लागलं तर तुमची जमीनसुद्धा पुरणार नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

वसुलीवाले आले तर त्यांचं ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, लोनचा नंबर लिहून घ्या. दमदाटी करून, माणसं आणून मशीन ओढून न्यायचा अधिकार त्यांना नाही. पण तुम्हीही मशीन कुठे लपवू नका, लपवलं की तुम्हीच संशयात येता.

पोलिसांत जायचं का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक होऊ शकते, कारण तो मेसेज आहे, पण मी आधी नोटीसच पाठवेन, नुसता पैशाचा वाद म्हणून तक्रार बाजूला ठेवली जाते आणि हंगाम निघून जातो. ग्राहक आयोगात एकदाच आपलं मशीन विकणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध तक्रार चालणं अवघड, तो व्यापारी निघाला आणि तुम्ही मशीन स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं असेल तर चालेल, दोन वर्षांची मुदत असते. दिवाणी दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं आहेत.

पीक उभं आहे, कळतंय मला. मशीन उभं करायचं ठरवलंत तर या हंगामापुरतं भाड्याचं मशीन लावून कापून घ्या, थांबू नका, आणि भाड्याची पावती तारखेसह घ्या, तो खर्च नोटिशीत मागता येईल.