लिंकनसारखं घरी वाचून वकील होता येईल का?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी झाली, वकील व्हायचंय, पुढे आमदारकीही मनात आहे, बाबा म्हणतात तालुक्याच्या कोर्टात पोट भरत नाही, आणि तू विचारतोस लिंकन घरी पुस्तकं वाचून वकील झाला तर मला का नाही जमणार.

आधी हे क्लिअर करतो, आपल्याकडे एलएलबीशिवाय सनद मिळत नाही, त्यामुळे पाच वर्षांच्या कोर्सची सीईटी दे. पण लिंकनला सोडू नकोस, फक्त प्रेसिडेंट व्हायच्या आधीचा बघ. न्यू सेलम या खेड्यात त्याचं दुकान बुडालं, कर्ज फेडायला कित्येक वर्षं गेली. १८३२ ला आमदारकीला उभा राहिला आणि पडला, पण स्वतःच्या गावच्या मतदान केंद्रावर, आसपासच्या वस्तीसकट, ३०० पैकी २७७ मतं त्यालाच होती, लोक ओळखत होते ना! मग पोट भरायला पोस्टमास्तरकी केली, जमिनी मोजल्या, १८३४ ला निवडून आला आणि तेव्हा कुठे कायद्याची पुस्तकं मागून आणून जोरात अभ्यास सुरू केला. १८३६ ला लायसन्स. पुढच्या वर्षी स्प्रिंगफिल्डला आला तो उसन्या घोड्यावर, गादी-अंथरुणाचे १७ डॉलर परवडेनात, तेव्हा दुकानदार स्पीडने माडीवरच्या आपल्याच पलंगात जागा दिली. हा गडी वर गेला, सामान टाकलं, खाली येऊन म्हणाला, झालं माझं शिफ्टिंग.

आमदारकी चार टर्म केली तरी घर चाललं ते वकिलीवरच, वर्षातून दोनदा कित्येक आठवडे न्यायाधीशाबरोबर गावोगाव फिरायचं, उधारीचे नि जमिनीचे दावे, फी बऱ्याचदा पाच-दहा डॉलर.

आणि तुझ्यासारखंच एका पोराने त्याला १८५५ मध्ये पत्र लिहून तुमच्या हाताखाली शिकू का विचारलं होतं. लिंकनने कळवलं की मी सारखा बाहेरगावी असतो, तू पुस्तकं मिळव, नीट समजेपर्यंत वाच, त्यासाठी मोठं शहर लागत नाही, मी वाचलं त्या न्यू सेलममध्ये कधी ३०० माणसंसुद्धा राहत नव्हती.

बाबांची काळजी मात्र खरी आहे रे, ती उडवून लावू नकोस. ज्युनियरशिपची पहिली दोन-तीन वर्षं हातात फार पैसे येत नाहीत, त्या काळात घरातून किती जमेल आणि तू सोबत काय काम करशील हे त्यांच्याशी बसून आत्ताच बोल. आणि सीईटीचा अभ्यास करताना आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस, तारखा कशा पडतात, पक्षकार वकिलाला काय विचारतात ते बघ, महिन्याभराने मला परत लिही.