परदेशात शिकत असताना आईला युरोपातील शहरे दाखवायची असतील, तर प्रवासाची आखणी कशी करावी?

आपण जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहात, आपली आई जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी प्रथमच भारताबाहेर येत आहे, आणि पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, रोम व बार्सिलोना ही सहाही शहरे तेवढ्या काळात बसवता येतील का, असे आपण विचारले आहे. बसवता येतील, पण बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी जर्मनीतल्याच आखन शहरात शिकत असताना माझी आई चिपळूणहून जूनमध्येच आली होती. माझीही यादी अशीच लांबलचक होती. प्रत्यक्षात आम्ही कोलोन, व्हिएन्ना आणि प्राग एवढीच शहरे पाहिली, आणि त्याबद्दल आम्हा दोघींनाही कधी हळहळ वाटली नाही.

यादी आखताना मी अंतरे, भाडी आणि तिकिटे यांचा विचार केला होता. आईच्या परावलंबित्वाचा केला नव्हता. जिने तीस वर्षे घर आणि शाळेतले वर्ग एकहाती सांभाळले, तिला येथे पाण्याची बाटली घेण्यासाठीही माझ्या तोंडाकडे पाहावे लागत होते. कोलोनला पहिल्याच दुपारी तिचे डोके दुखू लागले. उन्हाने असेल असे मी समजले, पण खोदून विचारल्यावर कळले की सकाळपासून ती पाणीच प्यायली नव्हती. स्थानकावरील स्वच्छतागृहासाठी एक युरो मोजावा लागतो हे तिने पाहिले होते, त्याचे रुपये मनातल्या मनात केले होते, आणि आपल्यामुळे मुलीला सारखे थांबावे लागू नये म्हणून तहान मारली होती. मग तेथील कॅथीड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढण्याचा बेत मी सोडून दिला आणि आम्ही दोघी आत बाकावर बसून राहिलो. १२४८ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम मध्ये काही शतके थांबून १८८० मध्ये पुरे झाले, हे सांगितल्यावर ती बराच वेळ वर पाहत होती. त्या संध्याकाळपासून दहा युरोंची नाणी तिच्या स्वतःच्या पाकिटात राहू लागली. ही गोष्ट आपण पहिल्याच दिवशी करावी. आई मागणार नाही, म्हणून आपणच द्यावी.

आई आल्यावर पहिला आठवडा आपल्याच गावात घालवावा, हे मी सर्वांत आग्रहाने सांगेन. आखनमध्ये मी तिला कोपऱ्यावरच्या बेकरीत दोनदा सोबत नेले आणि तिसऱ्या दिवशी एकटीला जाऊ दिले. बोटाने दाखवून ब्रेड घेऊन ती परत आली, तेव्हा तिची चाल बदललेली होती. एलिझेनब्रुनेन येथे कारंजातून गंधकाच्या वासाचे ऊन पाणी येते. ते हातावर घेताच ती म्हणाली, "अगं, हे तर तुरळच्या कुंडासारखंच!" मध्ययुगीन सम्राट शार्लमेनची समाधी असलेले आणि १९७८ मध्ये जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आलेले तेथील कॅथीड्रल तिला आवडले, पण घरी फोनवर तिने आधी सांगितले ते या पाण्याचे. जूनमध्ये तेथे सूर्य मावळायला जवळजवळ दहा वाजतात. दिवेलागण झाल्याशिवाय जेवायला बसायचे नाही ही तिची सवय असल्यामुळे सुरुवातीला जेवण आणि झोप दोन्ही बिघडले. खोलीला जाड पडदे लावल्यावर झोप तरी सुधारली.

व्हिएन्नाला या आठवड्याचे फळ मिळाले. तेथील भुयारी रेल्वेच्या प्रत्येक मार्गाला रंग आणि आकडा आहे: एक लाल, तीन नारिंगी, चार हिरवा. जर्मन वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतात. दुसऱ्या दिवशी शोनब्रुन राजवाड्याकडे जाताना मी चुकीच्या जिन्याकडे वळले, तर आईने हात धरून मला हिरव्या पाटीकडे नेले. त्याच हिरव्या मार्गावरच्या नाशमार्क्ट या बाजारात तिने भाजी निरखून, निवडून घेतली. आल्प्समधून १८७३ पासून नळाने येणारे पाणी तेथे निर्धास्तपणे पिता येते, त्यामुळे बाटलीचाही प्रश्न उरला नाही.

प्रागच्या मेट्रोतील सरकते जिने मात्र लांब आणि वेगवान असतात. नामेस्ती मिरू स्थानकातील जिना तर ८७ मीटरचा आहे. त्याच्या तोंडाशी आई थबकली आणि मागे रांग लागली. त्यानंतर आम्ही मेट्रो सोडून ट्राम धरली, आणि २२ क्रमांकाच्या ट्रामने किल्ल्याचा चढही वाचला. आईचे गुडघे दुखत असतील तर पॅरिसचाही असाच विचार करावा, कारण तेथील जुन्या मेट्रो स्थानकांत जिने फार आणि लिफ्ट थोड्या.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगते. सर्वाधिक मुक्काम ज्या देशात, त्या देशाकडे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे या सर्व देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज करावा लागतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. साजूक तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात आणता येत नाहीत, आणि प्रमाणपत्राशिवाय हापूसही नाही, नारळ चालतो. हे आईला सामान भरण्यापूर्वीच सांगावे, कारण विमानतळावर ते टाकून द्यावे लागले तर तिला फार लागेल. मेतकूट आणि तेलातल्या दशम्यांनी आमचे निभावले.

आपल्या तीन आठवड्यांसाठी माझी सूचना अशी आहे की, पहिला आठवडा आपल्या गावी, नंतर व्हिएन्ना आणि प्राग प्रत्येकी चार दिवस, दोन्हींमधला प्रवास दिवसाच्या गाडीने, साधारण चार तासांचा. रोम आणि बार्सिलोना जूनच्या उन्हात नकोत. हॉटेल स्थानकाजवळचे आणि लिफ्ट असलेले पाहावे, भले थोडे महाग पडो. उरलेले दिवस पुन्हा आपल्याच गावी मोकळे ठेवावेत. माझ्या आईने ते दिवस त्या बेकरीत आणि विद्यापीठासमोरच्या बाकावर माझी वाट पाहण्यात घालवले, आणि मी वर्गातून बाहेर येताना कशी दिसते, हे तिला तेव्हाच पाहायला मिळाले.