विंचवाचं बिऱ्हाड घेऊन फिरणारा मिडफिल्डर आणि तुमचा पंधरा वर्षांचा पोरगा

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचे मिस्टर स्लोवाकियातल्या नित्रा शहराच्या कार कारखान्यात, तुम्ही पुण्याहून तिकडे जाऊन पाच वर्षं झाली, पोरगा नववीत, तिथल्या क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये मिडफिल्ड खेळतो आणि आता म्हणतो की मला स्लोवाक फुटबॉलपटू कोपुनेकसारखं व्हायचंय. तुम्ही त्याची माहिती शोधली तर दिसलं की हा माणूस तर सारखे क्लब बदलतोय, मग तुम्ही विचारता की हे करिअर म्हणायचं की भटकंती. शिवाय एक एजंट पाच वर्षांचा करार समोर ठेवून सही करा म्हणतोय.

आधी कोपुनेकबद्दल बोलू, कारण पोराने निवडलेला माणूस खरंच चांगला आहे. कामिल कोपुनेक मूळचा त्र्नावाचा, म्हणजे तुमच्यापासून तासाभराच्या आत, आणि गावच्याच स्पार्टाक त्र्नावामध्ये वाढलेला. 24 जून 2010, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, समोर गतविजेता इटली आणि स्लोवाकियाचा स्वतंत्र देश म्हणून पहिलाच वर्ल्ड कप. स्लोवाकिया 2-1 ने पुढे, इटलीवाले अंगावर येतायत, आणि 87 व्या मिनिटाला हा बदली म्हणून आत आला, दोन मिनिटांत लांबचा थ्रो-इन आला आणि याने पहिल्याच टचला बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून आत टाकला. नंतर इटलीने अजून एक मारला, मॅच 3-2 संपली, म्हणजे शेवटी याच्याच गोलने इटली घरी गेली. तुमचा मुलगा जन्मला त्याच्या आसपासची गोष्ट आहे, तरी त्याला तो गोल पाठ आहे, यात मला काहीच नवल वाटत नाही.

पण पुढचं तुम्ही त्याला नीट सांगा. त्याच वर्षी कोपुनेक मॉस्कोजवळच्या सातुर्न क्लबमध्ये गेला. पैसा बरा, लीग मोठी. आणि 2011 च्या सुरुवातीलाच त्या क्लबवर कर्ज इतकं चढलं की त्यांना लीगमधून बाहेर पडावं लागलं, म्हणजे वर्ल्ड कपनंतर सात महिन्यांत याला नवं दार शोधायची वेळ आली. मग इटलीत बारीला गेला, सेरी आ म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आणि ती टीम त्या सीझनला तळाला राहून खालच्या लीगमध्ये गेली. यात त्याची काय चूक होती सांगा? क्लब बुडतो, कोच बदलतो, खेळाडू मात्र बॅग भरतो. मला यात भटकंती दिसत नाही, मला पोटासाठी प्रामाणिकपणे गाव बदलणारा कारागीर दिसतो. स्लोवाकियाचाच स्टार हामशिक जवळपास बारा वर्षं इटलीच्या नापोली क्लबमध्ये टिकला पण ताई, हामशिक देशात एखादाच निघतो, बाकी बहुतेकांचं आयुष्य कोपुनेकसारखंच असतं आणि तेही चांगलं आयुष्य असू शकतं.

आता खरा फरक, जो पोराच्या लक्षात आला नसणार. कोपुनेककडे युरोपियन युनियनचा पासपोर्ट होता, म्हणून बारीला जाताना त्याला वर्क परमिटची भानगड नव्हती. तुमच्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट आहे. आज तो तिथे खेळू शकतो कारण 18 च्या आतल्या मुलाला परदेशी क्लबमध्ये रजिस्टर करायला फिफाची बंदी असली तरी आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात आले असतील तर सूट मिळते, तुमचं तेच झालं. पण मोठा झाल्यावर दर देशात परमिट, कोटा, हे प्रश्न येणार. आणि उद्या कधी स्लोवाक नागरिकत्व घेतलं तर भारतीय पासपोर्ट जातो आणि त्याच्याबरोबर भारताकडून खेळायचा हक्कही जातो. हे आत्ता ठरवायची गरज नाही, पण पोराला माहीत असू दे, त्याचं आयुष्य आहे.

एजंटबद्दल मात्र माझं आजच ऐका. सही करू नका. फिफाच्या नियमात 18 च्या आतल्या खेळाडूचा क्लबबरोबरचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त धरत नाहीत, मग हा पाच वर्षांचा कागद घेऊन आला कसा? त्याच्याकडे फिफाचं लायसन्स आहे का ते विचारा, आणि कुठलाही कागद तिथल्या वकिलाला दाखवल्याशिवाय हातात पेन घेऊ नका, भाषा कितीही येत असली तरी. पुढे प्रोफेशनल झालाच तर अजून एक नियम लक्षात ठेवायला सांगा, दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस थांबून करार मोडू शकतो. सातुर्नसारखे क्लब बघितल्यावर हा नियम का आहे ते कळतं.

शाळेचं. नववीनंतर तिकडे स्पोर्ट्सची माध्यमिक शाळा असते, तिथे ट्रेनिंगच्या वेळा सांभाळून शिकवतात आणि शेवटी बाकीच्यांसारखीच मातुरिता परीक्षा होते. माझं मत विचाराल तर त्याला तिथेच घाला. मातुरिता हातात असली की एकोणिसाव्या वर्षी गुडघा गेला तरी कॉलेजचं दार उघडं राहतं. त्याच्या बाबांना इंजिनिअरिंग हवंय असं तुम्ही लिहिलंय, ते दार याने बंद होत नाही, पण मॅथ्स सोडू देऊ नका हं.

प्रवेशाचे अर्ज मार्चच्या सुमारास असतात म्हणून शाळेत या आठवड्यातच विचारा. आणि तो पाच वर्षांचा कागद मला फोटो काढून पाठवा, पोराचं नाव झाकून.